झुडपाआड गेलेलं चितळ गाडीच्या लक्षात राहतं का?

प्रश्न : आमच्या शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली. पुढे कुणी आडवं आलं की ती आपोआप ब्रेक मारते, असं ते कौतुकाने सांगतात. परवा रात्री आम्ही त्यांच्यासोबत चंद्रपूरहून मूलला परतत होतो. अजयपूरजवळ चितळांचा कळप रस्ता ओलांडत होता. गाडीतल्या पडद्यावर पुढच्या ट्रकचं चित्र उमटलं, मोटारसायकलचंही उमटलं, चितळांचं मात्र काहीच नाही. ब्रेक शेवटी शेजाऱ्यांनीच मारला. गाडीला जनावर दिसत नाही का? आणि दिसलंच, तर इतक्या गाड्यामाणसांत कोण कुठे चाललंय हे ती लक्षात कसं ठेवते?
— एक वाचक, मूल

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. दिसतं का, हा पहिला आणि दिसलेलं लक्षात कसं राहतं, हा दुसरा. बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात. खरी गंमत दुसऱ्यात आहे, पण शेजाऱ्यांच्या पडद्यावर चितळ का उमटलं नाही हे पहिल्यातच कळतं, म्हणून आधी ते पाहू.

अशा गाडीत आतल्या आरशामागे, काचेला लागून एक कॅमेरा असतो. बहुतेकींत पुढच्या बंपरमध्ये किंवा जाळीमागे रडारही असतं. कॅमेरा सेकंदाला तीसेक चित्रं घेतो. प्रत्येक चित्र न्यूरल नेटवर्क तपासतं, त्यातल्या ओळखीच्या गोष्टींभोवती चौकटी आखतं आणि प्रत्येक चौकटीला एक नाव व खात्रीचा आकडा देतं. मोटारसायकल, ०.९१. माणूस, ०.६४. चित्राचे तुकडे पुन्हा पुन्हा न चाळता एकाच नजरेत सगळ्या चौकटी आखायची युक्ती जोसेफ रेडमन आणि सहकाऱ्यांनी २०१५-१६ च्या सुमारास मांडली. तिचं नाव ‘योलो’. अशा पद्धतींमुळे हे काम चालत्या गाडीला पुरेल इतक्या वेगाने होऊ लागलं.

मेख आहे ती ओळखीत. ट्रक कसा दिसतो याचे नियम नेटवर्कला कुणी लिहून देत नाही. माणसांनी चौकटी आखून नावं घातलेली ढीगभर चित्रं त्याला दाखवतात आणि त्यातून ते स्वतः शिकतं. जे दाखवलं नाही ते त्याच्या जगात नाही. आता शिकवणीची पुस्तकं बघा. २०१४ साली आलेला ‘कोको’ हा चित्रसंग्रह जगभर वापरला जातो. त्यात ऐंशी प्रकारच्या वस्तू आहेत आणि प्राणी दहा : पक्षी, मांजर, कुत्रा, घोडा, मेंढी, गाय, हत्ती, अस्वल, झेब्रा, जिराफ. हरीण नाही, वाघ नाही, रानडुक्कर नाही. म्हणजे मूल रोडवर उद्या जिराफ आला तर त्याला ओळखायची सोय आहे. चितळ आलं तर त्या पुस्तकावर शिकलेलं नेटवर्क त्याला मेंढी म्हणेल, गाय म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही. गाड्यांसाठी खास तयार केलेल्या सुरुवातीच्या मोठ्या संग्रहांपैकी एक म्हणजे ‘किट्टी’. तो जर्मनीतल्या कार्ल्सरुए शहरात आणि आसपास गाडी फिरवून जमवला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यात मोटार, व्हॅन, ट्रक, पादचारी, सायकलस्वार आणि ट्राम असे प्रकार आहेत. प्राण्यांचा एकही नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या स्वतःचे वेगळे संग्रह वापरतात, पण त्यांचाही पहिला मान माणूस, दुचाकी आणि मोटारीला असतो. कित्येक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं असतं की ही यंत्रणा प्राण्यांसाठी नाही. ते पान गाडी घेतानाच्या पेढ्यांच्या गडबडीत कोण वाचतो?

आपल्या रस्त्यांची नोंद घेण्याचं काम हैदराबादच्या आयआयआयटीने इंटेलसोबत केलं. २०१८ साली त्यांनी ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ प्रसिद्ध केला : हैदराबाद, बंगळूरू आणि त्यांच्या भोवतालच्या रस्त्यांवरच्या १८२ फेऱ्यांमधली दहा हजार चित्रं, ३४ प्रकारांत वाटलेली. त्यात ऑटोरिक्षा हा स्वतंत्र प्रकार आहे, प्राणी आहेत, आणि वेळ पडली तर गाडी जिथे उतरवता येते ती कडेची मातीची पट्टीही आहे. डांबर संपतं तिथे आपल्याकडे रस्ता संपत नाही, हे यंत्राला मुद्दाम सांगावं लागतं. तरीही हा संग्रह दक्षिणेतल्या दोन महानगरांचा. तणसाचा डोंगर लादलेली, बैल आणि चाकं दोन्ही झाकून गेलेली बंडी, मोहफुलांच्या दिवसांत पहाटे टोपली घेऊन कडेने वाकून चालणाऱ्या बाया, रस्त्यावर वाळत घातलेलं धान, अंधारातून एकदम पुढे येणारा रोही किंवा गवा, हे कुणी पद्धतशीर जमवून नेटवर्कला शिकवल्याखेरीज त्याला कळणार नाही.

रडारचं दुखणं वेगळं. गाड्यांमधलं रडार ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतं आणि परतणाऱ्या लहरींवरून समोरच्या वस्तूचं अंतर आणि जवळ येण्याचा वेग मोजतं. धुकं आणि धुळीत ते कॅमेऱ्यापेक्षा भरवशाचं. पण लोखंडी ट्रककडून लहर ठणठणीत परतते, चितळाच्या अंगावरून क्षीण. शिवाय उभ्या वस्तूंकडे बरीच रडारं मुद्दाम काणाडोळा करतात, नाहीतर प्रत्येक फलकाला आणि पुलाच्या कठड्याला पाहून गाडी ब्रेक मारत बसेल. दिव्यांच्या झोतात थिजून उभं राहिलेलं जनावर नेमकं याच काणाडोळ्यात सापडतं.

आता दुसरा प्रश्न. समजा नेटवर्कला चितळ शिकवलं आणि त्याने पाच चितळांभोवती पाच चौकटी आखल्या. एवढ्याने काहीच झालेलं नाही. नेटवर्कसाठी प्रत्येक चित्र कोरं असतं. सेकंदाच्या तिसाव्या भागापूर्वी काय पाहिलं याची त्याला शुद्ध नसते. उजवीकडचं चितळ रस्त्याकडे येतंय की रस्त्यापासून दूर जातंय, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. त्यासाठी या चित्रातली चौकट आणि मागच्या चित्रातली चौकट एकाच जनावराची आहे, हे ठरवावं लागतं. हे ठरवणाऱ्या भागाला ट्रॅकर म्हणतात.

सांजच्याला गुरं घेऊन परतणारा गुराखी आठवा. कळप पळसाच्या झुडपांआड जातो, पलीकडून निघतो. कोणती गाय कुठून बाहेर येईल याचा त्याला अंदाज असतो, आणि आली ती तीच का, हे तो चालीवरून, शिंगांवरून ताडतो. ट्रॅकर ही दोन्ही कामं आकड्यांनी करतो.

अंदाजाचं काम बहुतेक ठिकाणी ‘कालमान फिल्टर’ करतं. रुडॉल्फ कालमान हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकी गणिती. त्यांचा लेख १९६० सालचा. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या मार्गनिश्चितीत हीच रीत वापरली गेली. ती समजायला सोपी आहे. चितळ आत्ता इथे आहे आणि सेकंदाला तीन मीटर वेगाने डावीकडे चाललंय, तर पुढच्या चित्रात ते दहा सेंटिमीटर डावीकडे असायला हवं. मग पुढचं चित्र येतं आणि चौकट बारा सेंटिमीटरवर निघते. खरं कुणाचं? कॅमेऱ्याच्या मोजण्यातही चूक असते, अंदाजातही असते. कालमानची रीत दोघांची विश्वासार्हता तोलते आणि मधली एक जागा ठरवते. महत्त्वाचं असं की ती जागेबरोबर स्वतःची शंकाही मोजून ठेवते. चितळ झुडपाआड गेलं की चौकट मिळत नाही, पण अंदाज पुढे चालतच राहतो आणि प्रत्येक चित्रागणिक शंकेचं वर्तुळ मोठं होत जातं. दुसऱ्या बाजूने चितळ निघालं आणि त्या वर्तुळात बसलं, की जुनं खातं पुन्हा सुरू. शीर्षकातल्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर हो, झुडपाआड गेलेलं चितळ गाडीच्या लक्षात राहतं, पण फार तर एखाद-दोन सेकंद, आणि तेवढ्या वेळात त्याने चाल बदलली नाही तरच.

दुसरं काम जोड्या लावण्याचं. पाच अंदाज आणि पाच नव्या चौकटी. कोणता अंदाज कोणत्या चौकटीला द्यायचा? पाचांच्या १२० जोडण्या होतात, दहांच्या ३६,२८,८००. सगळ्या तपासत बसलं तर तोवर गाडी सावली गावाला पोचेल. एकंदर फरक सर्वांत कमी येईल अशी जोडणी झटपट शोधण्याची रीत हॅरॉल्ड कून यांनी १९५५ साली दिली आणि ज्या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती उभी होती त्यांच्या मानाने तिचं नाव ‘हंगेरियन पद्धत’ ठेवलं. योगायोग म्हणा, पण हंगेरीचं ऋण इथे दोनदा निघतं. २०१६ मध्ये या दोन जुन्या रीती नव्या नेटवर्कच्या चौकटींना जोडून ‘सॉर्ट’ नावाचा ट्रॅकर मांडला गेला. तो इतका साधा आणि वेगवान होता की आजही नव्या कल्पना त्याच्याशी ताडून बघतात. पुढच्याच वर्षी त्यात रंगरूपाची भर पडली. लाल साडी आणि निळा शर्ट एकमेकांसमोरून गेले तरी अदलाबदल होऊ नये म्हणून.

चितळांच्या कळपात रंगरूप फारसं कामी येत नाही, एक चितळ दुसऱ्यासारखंच. वाघाचं तसं नाही. पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखणारं सॉफ्टवेअर व्याघ्रगणनेत वापरतात, ताडोब्यातले वाघही असेच मोजले जातात. पण ती तुलना सावकाश, कॅमेरा ट्रॅपचे फोटो शेजारी ठेवून होते. गाडीला अमुक वाघीण की तमुक याच्याशी कर्तव्य नाही. अर्ध्या सेकंदापूर्वी दिसलेलं अंग तेच का, एवढंच तिला हवं.

यात कितीही गणित असलं तरी काही निर्णय माणसालाच घ्यावे लागतात. चौकट एकदा दिसली म्हणून लगेच खातं उघडायचं का? उघडलं तर पानांची सळसळ आणि पोस्टरवरचा माणूसही खात्यात येतो आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर कचकन थांबते. मागून लोहखनिजाचा ट्रक येत असेल तर हा ब्रेक जिवावर बेतायचा. म्हणून सहसा लागोपाठ दोन-तीन चित्रांत दिसल्यावरच खातं पक्कं करतात. आणि दिसेनासं झालं तर किती वेळ ठेवायचं? लवकर बंद केलं तर विसराळूपणा, उशिरा केलं तर भुतं. सगळ्या रस्त्यांना चालेल असा आकडा नाही. लखनौच्या चौकात बरोबर बसवलेला आकडा आलापल्लीच्या सागवनात बरोबर असेलच असं नाही.

विसराळूपणाची किंमत काय असते हे अमेरिकेत कळलं. १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात, उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली आणि ती मरण पावली. पुढच्या वर्षी सरकारी तपास अहवाल आला, तो वाचण्यासारखा आहे. गाडीला ती स्त्री धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती! तासाला साठ-सत्तर किलोमीटर वेगाला हा वेळ भरपूर. पण यंत्रणा तिला एकदा वाहन म्हणत होती, एकदा अनोळखी वस्तू, एकदा सायकल. आणि नाव बदललं की आधीची वाटचाल पुसून टाकायची, अशी तिची रचना होती. त्यामुळे प्रत्येक वेळी ती स्त्री जणू त्याच क्षणी तिथे उगवलेली. ती सरळ रेषेत रस्ता ओलांडतेय हे कधी जुळलंच नाही. शिवाय ठरलेल्या जागेखेरीज माणूस रस्ता ओलांडेल हा विचार त्या यंत्रणेत नव्हता, आणि देखरेखीला बसलेल्या व्यक्तीचं लक्ष मोबाईलकडे होतं. नजर ठणठणीत असूनही स्मृती तुटली, असं हे प्रकरण. तणसाची बंडी एका चित्रात झुडूप, दुसऱ्यात ट्रक आणि तिसऱ्यात काहीच नाही असं होत राहिलं तर आपल्याकडे याहून वेगळं होणार नाही. चांगला ट्रॅकर म्हणूनच नावाबद्दल साशंक आणि अस्तित्वाबद्दल ठाम असायला हवा. काय आहे ते नंतर ठरवू, काहीतरी आहे आणि आपल्याकडे येतंय, हे आधी.

जनावरांच्या चालीचाही प्रश्न आहे. ट्रॅकरचा साधा अंदाज असा की चालणारा त्याच वेगाने, त्याच दिशेने चालत राहील. मोटारींना हे शोभतं. चितळ तीन पावलं टाकून थबकतं, कान टवकारतं आणि उलटं फिरतं. रानडुक्कर थांबतच नाही. माकडाबद्दल तर बोलूच नये. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने आपल्या देशातल्या मोठ्या सांबरासारख्या मूस प्राण्यासाठी यंत्रणा बनवली आणि ती ऑस्ट्रेलियात नेली. तिथे कांगारूंनी तिला चकवलं. २०१७ मध्ये कंपनीच्याच तंत्रज्ञांनी कारण सांगितलं : यंत्रणा जमिनीच्या आधाराने अंतर मोजत होती, आणि उडी मारलेला कांगारू हवेत असताना तिला लांब वाटायचा, टेकला की जवळ. चितळही रस्त्याच्या चरावरून उडी मारूनच येतं.

आणि एक गोष्ट आपल्या भागातल्या कुठल्याही जीपवाल्याला ठाऊक असते : एक चितळ गेलं की गाडी पुढे काढायची नसते, मागे कळप असतो, अस्वलीण गेली तर पिल्लू येतं. ट्रॅकर दिसलेल्यांचं खातं ठेवतो. न दिसलेल्याचं खातं उघडायला त्याला अजून नीटसं येत नाही. माझ्या मते सध्याच्या यंत्रात आणि मूल-चिचपल्लीच्या चालकात खरा फरक आहे तो हा.

आता थोडा हिशेब, कारण त्यापुढे कुणाचंच शहाणपण चालत नाही. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. माणसाला दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. सुक्या डांबरावर, बऱ्या टायरांवर पुढे थांबायला आणखी ३६ मीटर. एकूण ५८. खाली केलेल्या दिव्यांचा उजेड पोचतो चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे उजेडात जनावर दिसलं तेव्हा उशीर झालेलाच असतो. यंत्राने एका सेकंदाऐवजी ०.३ सेकंदात ब्रेक लावला तरी ४३ मीटर लागतात, आणि ते जेमतेम काठावर. हाच वेग ५० ठेवला तर माणूसही २८ मीटरमध्ये थांबतो. तीस किलोमीटरची घट जे काम करते ते लाखभराचं उपकरण करू शकत नाही. काही महागड्या गाड्यांत उष्णता टिपणारा रात्रीचा कॅमेरा असतो. तो उजेडाच्या पलीकडचं पाहतो हे खरं. पण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर गेलेला असतो तेव्हा अंधार पडल्यावरही दगड आणि डांबर जनावराच्या अंगाइतकेच तापलेले असतात, आणि चित्रात दोन्ही सारखेच उजळ दिसतात.

मग या विद्येचा आपल्याला उपयोग काय? आहे, पण माझ्या मते तो गाडीच्या आतपेक्षा बाहेर जास्त आहे. आपल्या शेजारच्या नागपुरात सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयरास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्रा असे त्यात आहेत. शहर बसगाड्यांना पुढे बघणारी उपकरणं लावली. समोरच्या वाहनाशी किंवा माणसाशी टक्कर होईलसं दिसलं की ती चालकाला इशारा देतात. इशारा दिला तो दिलाच, पण तो कुठे दिला याची नोंदही होते. एकाच वळणावर इशारे वारंवार वाजत असतील तर तिथे अपघात अजून झाला नसला तरी होणार, हे आधी कळतं. मला या प्रकल्पात हेच सर्वांत शहाणं वाटतं. हीच रीत चंद्रपूर-मूल-गडचिरोली मार्गावरच्या एसटीला लावा आणि जनावरं ओळखायला शिकवा. कळप कुठल्या किलोमीटरला, कुठल्या महिन्यात, किती वाजता ओलांडतो याचा नकाशा वर्षभरात हाती येईल. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या जंगलात जनावरांसाठी उन्नत मार्ग बांधले, आणि खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघांसह अठरा जातींचे प्राणी त्याखालून जाताना टिपले गेले. असा पूल नेमका कुठे हवा, हे ठरवायला तो नकाशा कामी येईल.

खाणींत ट्रॅकरचं काम आणखी सोपं. दुर्गापूर किंवा सास्तीसारख्या उघड्या कोळसा खाणीत साठ ते शंभर टनी डंपर ठरलेल्या वाटेवर फिरतात, आत येणारा माणूस आणि जीप माहीतच असते, त्यांच्या अंगावर सिग्नल देणारी खूणही लावता येते. डंपरच्या चालकाला पुढची जीप अक्षरशः दिसत नाही, इतका तो उंचावर बसतो. तिथे आठही दिशांना बघणारा ट्रॅकर ही चैन नाही. रस्त्यावरच्या मोठ्या गाड्यांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये नियमांचा मसुदा काढला. नव्या बस आणि ट्रकना आपोआप लागणारा ब्रेक, चालकाला डुलकी लागली तर इशारा आणि लेन सुटली तर इशारा या सोयी सक्तीच्या करण्याचं त्यात आहे. सुरजागडहून आष्टीकडे उतरणाऱ्या खनिजाच्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना यातल्या डुलकीच्या कलमाचं मोल कळेल.

प्रश्न : रेल्वेच्या इंजिनाला असं काही का लावत नाहीत? गोंदिया मार्गावर वाघाचे बछडे मेले होते.
— एक वाचक, नागभीड

उत्तर : नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनोन्याच्या जंगलात या मार्गावर एका गाडीखाली वाघिणीचे तीन बछडे गेले. इंजिनावर कॅमेरा लावून ते वाचले नसते. रेल्वेला थांबायला कित्येकशे मीटर लागतात, कधी किलोमीटरभर. मार्गावर वळणं, त्यात दाट झाडी. दिसेल तेव्हा ब्रेकचा उपयोग संपलेला असतो. म्हणून इथे डोळा रुळांच्या कडेला बसवून निरोप आधी इंजिनात पोचवायचा असतो. कोइंबतूरजवळ मदुक्करईला हत्तींसाठी २०२४ पासून मनोऱ्यांवरचे कॅमेरे हे काम करताहेत. ईशान्य सीमांत रेल्वेने रुळांशेजारच्या ऑप्टिकल फायबरमधून हत्तीच्या पावलांची कंपनं ओळखणारी ‘गजराज’ यंत्रणा आणली. वाघाचं पाऊल कापसासारखं. ते फायबरला कळणं कठीण, त्याला कॅमेराच हवा. २०२१ पासून छत्तीसगडहून आलेला हत्तींचा कळप गडचिरोलीत वावरतोय, तेव्हा वडसा भागात हत्तीचा विचारही करून ठेवायला हवा. ताडोब्याच्या बफरमध्ये मोहर्लीकडच्या सीतारामपेठ गावाच्या कडेला असेच वाघ ओळखून गावाला सावध करणारे कॅमेरे लागले आहेत. गावासाठी जमतं ते रुळांसाठीही जमायला हरकत नाही. खर्च कोणत्या खात्याने करायचा, एवढंच अडतं.

प्रश्न : हे घरी करून बघता येईल का? मी संगणक शाखेत शिकते.
— एक विद्यार्थिनी, अहेरी

उत्तर : जरूर. ‘योलो’ची अलीकडची रूपं आणि ‘सॉर्ट’सारखे ट्रॅकर फुकट मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात. सुरुवात धावत्या गाडीतून नको. गाडी हादरली की सगळं चित्र हलतं, आणि खड्ड्याने उडालेली चौकट जनावराच्या उडीसारखीच दिसते. आधी गावातल्या चौकात मोबाईल स्थिर ठेवा आणि दहा मिनिटं चित्रण करा. मग एकेक बंडी, सायकल, काळीपिवळी घ्या आणि ट्रॅकरने मधेच तिचा क्रमांक किती वेळा बदलला ते मोजा. तज्ज्ञही ट्रॅकरची परीक्षा याच चुकीवरून घेतात. तुमच्या भागातली बंडी, रोही, डुकरं, तेंदूपत्त्याचे ट्रक यांची चित्रं जमवून चौकटी आखल्या तर तो संग्रह फार मोलाचा ठरेल. पोलीस ठाणी, चौक्या आणि पूल मात्र चित्रणात घेऊ नका. गडचिरोलीत त्याचं कारण सांगायला नको.

प्रश्न : रात्री जंगलात जनावर पुढे आलं तर डिपर द्यावा की हॉर्न?
— एक वाचक, सिंदेवाही

उत्तर : दोन्ही नको. वरच्या झोताने जनावर थिजतं आणि हॉर्नने बिथरून कुठल्याही बाजूला उडी घेतं. वेग उतरवा, दिवे खाली करा, इंडिकेटर चालू करून मागच्याला सावध करा आणि पहिलं जनावर गेल्यावरही थोडं थांबा. खाली उतरू नका, फोटोसाठी तर नाहीच. गाडीत आपोआप ब्रेक असला तरी हेच करा. रस्त्यावर जखमी जनावर आढळलं तर त्याच्याजवळ न जाता १९२६ वर कळवा. तो महाराष्ट्र वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक आहे.